दुसरी पेटी

"सहा, एक, आठ, तीन, नऊ, दोन," आजीनं जेवणाच्या टेबलावर चमच्याचा ठोका देत म्हटलं. "आता उलट."

नातीनं तोंडातला घास गालात सरकवला, डोळे मिटले, मांडीवर बोटं आपटली आणि म्हणाली, "दोन नऊ. तीन आठ. एक सहा. जोडते."

"शेवटी 'जोडते' म्हणायचं नाही," बाबा म्हणाले.

"का नाही? मी जन्मभर म्हटलं, माझं काय बिघडलं?" आजी म्हणाली.

आजी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. शहरातली निम्मी माणसं तिला अजून नावानं नव्हे, नंबरानं आठवत, आणि त्यातली बरीचशी आता कितीही फिरवलं तरी लागणार नव्हती. आकडे दोन-दोनच्या जोडीत धरायचे आणि बोटांवर ठेवायचे, ही विद्या इतकी वर्षं तिच्याकडे नुसती पडून होती. आता घरातच गिऱ्हाईक मिळाल्यावर तिची तब्येत सुधारली होती. गुडघे दुखायचे विसरले होते.

"चला, ठोकळे," बाबांनी ताट सरकवलं आणि खिशातून एक पुरचुंडी काढली. दुकानातल्या जुन्या स्टँडचं लाकूड कापून त्यांनी स्वतः चौकोनी ठोकळे बनवले होते. काही बाजू पांढऱ्या, काही तांबड्या.

"माझं लाल नेलपॉलिश कुठे गेलं ते आत्ता कळलं," हॉस्पिटलच्या ड्यूटीला निघालेली आई दारातून म्हणाली. ती परिचारिका होती. या घरात कशाला औषध आहे आणि कशाला नाही हे तिला ठाऊक होतं.

या सगळ्या खटाटोपाचं मूळ मुलीच्या शाळेत होतं.

ती शाळा अशी की आत शिरायला परीक्षा, टिकायला परीक्षा, आणि सोडतो म्हटलं तर एक मुलाखत. दर्शनी दालनात लांबच लांब फळी होती, तिला पितळी हूक आणि हुकांवर मुलांच्या नावाच्या पाट्या. दर महिन्याला शिपाई शिडी लावून पाट्या वरखाली करी, आणि त्या संध्याकाळी घराघरांतल्या जेवणाची चव त्याप्रमाणे बदले. पालक एकमेकांना नावानं ओळखत नसत. 'पहिल्या नंबरची आई', 'सातव्याचे बाबा' अशा हाका असत. महिना पालटला की हाकही पालटे. गोगीच्या बाबांचं चष्म्यांचं दुकान होतं; या चष्मेवाल्याला मात्र गेली दोन वर्षं कोणी हाक मारायच्या भानगडीत पडलं नव्हतं. त्याच्या मुलीची पाटी अगदी खालच्या ओळीत, शिडीशिवाय हात पोचेल अशा ठिकाणी असे. जमेची बाजू एवढीच, की शिपाई तिच्यावर खूश होता.

गोगी हे मुलीचं घरातलं नाव. हे गोगलगाईचं लाडकं रूप, आणि ते तिला पाळण्यात नव्हे तर पहिल्या वर्गशिक्षिकेनं दिलं होतं. घंटा वाजली की तिचा निम्मा पेपर कोरा असे; उरलेल्या निम्म्यात जे असे ते सगळं बरोबर. फळ्यावरचं उतरवताना मान वर करायची, खाली करायची, आणि आपण कुठे होतो हे शोधायची. तोवर फळा पुसलेला. तोंडी विचारलं की उत्तर येई, लिहायला सांगितलं की ते वाटेत राही. एक शिक्षक म्हणाले, स्वप्नाळू आहे. दुसरे म्हणाले, आळशी आहे. आजी म्हणाली, "गोगलगाय आणि पोटात पाय. तिला सगळं कळतंय, ती दाखवत नाही."

बाप चष्मेवाला. त्यानं आपल्या शास्त्राप्रमाणे तीनदा डोळे तपासले. काही सापडलं नाही. तरी मन मानेना म्हणून त्यानं शून्य नंबरचा, पण फ्रेम भारीतली, असा चष्मा करून दिला. तो घालून गोगी हुशार दिसू लागली. पेपर अर्धाच राहिला.

यंदा शाळेनं नवी सोय केली होती. खालच्या ओळीतल्या मुलांची क्षमता-चाचणी घ्यायची, त्यासाठी एक मानसतज्ज्ञ बाई नेमायच्या, आणि त्यांचा अहवाल पाहून ठरवायचं: मुलाला शाळेत ठेवून मदत द्यायची, की 'त्याला मानवेल अशी' दुसरी शाळा सुचवायची. पालकसभेत हे सगळं नीट समजावून सांगितलं गेलं. चष्मेवाल्याच्या कानात त्यातला एकच शब्द शिरला. चाचणी. त्या शाळेत या शब्दाला दुसरा अर्थच नव्हता. चाचणी म्हणजे मार्क, आणि मार्क कमी म्हणजे रस्ता.

गोगीला तो रस्ता नको होता. त्या शाळेत भूमितीच्या बाई होत्या, आणि त्या उत्तराच्या आधी आकृती बघत. एकदा गोगीनं एक सिद्धता भलत्याच बाजूनं सुरू केली होती. घंटा झाली तेव्हा ती अर्ध्यावर होती. बाईंनी उरलेली अर्धी स्वतः फळ्यावर पूर्ण केली आणि वर्गाला म्हणाल्या, "ही वाट मला माहीत नव्हती." गोगीनं ते वाक्य कोणाला सांगितलं नाही. आजीला तेवढं सांगितलं, आणि आजीनं ते सगळ्या नातेवाइकांना फोनवर सांगितलं.

पालकसभेनंतर दोन दिवसांनी पहिल्या नंबरची आई दुकानात आली. फ्रेमचा स्क्रू सैल झाला होता म्हणे. चष्मेवाल्यानं तो आवळला, तरी ती जाईना. शेवटी पर्समधून चार-पाच कागद काढून तिनं काचेच्या कपाटावर उपडे ठेवले.

"भाऊ, कुणाला सांगू नका. चाचणीत हेच असतं. आमच्या भाच्याची झाली होती कुठेशी. झेरॉक्सची झेरॉक्स आहे, पण वाचता येतं."

"वहिनी, तुम्ही हे... आमच्यासाठी?"

"अहो, तुमची पोर चांगली आहे. आणि तुमच्या मुलीनं आमचं काय बिघडणार?"

पहिल्या नंबरला शेवटच्याची भीती नसते, म्हणून त्याच्या घरी औदार्य परवडतं. चष्मेवाल्यानं हा हिशेब केला नाही. त्यानं दोन्ही हातांनी कागद घेतले आणि स्क्रूचे काहीच घेतले नाहीत.

तेव्हापासून घरात वर्ग भरत होता. तांबडे-पांढरे ठोकळे चित्राप्रमाणे लावायचे. आकडे सुलट, आकडे उलट. एका कागदावर नऊ खुणा होत्या, प्रत्येक खुणेला एक अंक. अंक पाहून खाली भराभर खुणा भरायच्या, घड्याळ लावून. गोगी आधी या कामात फार मागे पडली. एक खूण केली की ती वर बघायची, खात्री करायची, पुन्हा वर बघायची. मग बापानं युक्ती काढली.

"वर बघायचंच कशाला? खुणा पाठ कर."

तिनं खुणा पाठ केल्या. ठोकळ्यांची चित्रंही पाठ झाली. आठवडा संपता संपता ती पान उलटायच्या आत हात चालवू लागली, आणि बापाची छाती इतकी फुगली की आईनं त्याच्या शर्टाची बटणं मागे सारून लावायचा प्रस्ताव मांडला.

चाचणीच्या आदल्या दिवशी दुपारी गोगी दुकानात बसून खुणा भरत होती. तेवढ्यात एक गृहस्थ आले. गाडी चालवायचा परवाना नव्यानं घ्यायचा होता, त्यासाठी नजर तपासून हवी होती. चष्मेवाल्यानं त्यांना खुर्चीत बसवलं आणि भिंतीवरच्या तक्त्याचा दिवा लावायला हात वर केला. दिवा लागायच्या आत गृहस्थांनी सगळ्यात खालची, मुंगीच्या पायाएवढी ओळ खडाखडा म्हणून टाकली.

चष्मेवाल्यानं हात खाली घेतला.

"काका, दिवा लावू की तुमचं अंधारात जास्त दिसतं?"

"लावा की. मला काय!"

"आता वरची ओळ उजवीकडून डावीकडे वाचा बघू."

गृहस्थांनी घसा खाकरला. तक्त्याकडे बघून डोळे बारीक केले. मग जरा वेळानं ते छताकडे बघू लागले.

"मागच्या आठवड्यात तुम्ही बायकोबरोबर आला होतात. ती डोळे तपासत होती, तुम्ही ओठ हलवत होतात. मला वाटलं देवाचं नाव घेताय."

"अहो, परवाना अडेल हो माझा."

"परवाना नाही अडणार, गाडी अडेल. झाडाला. तक्ता पाठ केलात काका, तर नंबर माझ्या भिंतीचा निघेल, तुमच्या डोळ्यांचा नाही. बसा नीट. दिसत नसेल तर 'दिसत नाही' म्हणा. त्यात काय लाजायचं? तेच ऐकायला मी दुकान उघडून बसलोय."

गृहस्थ नीट बसले. पुढची दहा मिनिटं ते मोठ्या समाधानानं "दिसत नाही", "नाही दिसत", "अजिबात नाही" म्हणत होते. जाताना त्यांना जाड भिंगाचा चष्मा मिळणार होता, आणि तरी ते हसत गेले.

चष्मेवाला वळला तेव्हा गोगीची पेन्सिल थांबली होती.

"बाबा, उद्या मला सगळं आलं तर ते मला ठेवतील?"

"ठेवतील म्हणजे? डोक्यावर घेतील."

"आणि नंतरचे पेपर?" ती म्हणाली. "त्यांची पण झेरॉक्स मिळेल का?"

बापानं भिंगं पुसायचं फडकं उचललं आणि आधीच स्वच्छ असलेलं कपाट पुसायला घेतलं.

चाचणीची खोली पूर्वी खेळाच्या सामानाची होती. कोपऱ्यात हवा गेलेले चेंडू अजून पडून होते आणि खिळ्याला एक जाळं लटकत होतं. मानसतज्ज्ञ बाई बुटक्या होत्या, त्यांनी केसांच्या अंबाड्यात पेन्सिल खोचली होती आणि बोलताना ती शोधत होत्या. मुलांनी त्यांचं नाव ठोकळेबाई ठेवलं होतं.

"पालकांनी बाहेर बसा. पाणी प्या. खिडकीतून खुणा करू नका," त्या म्हणाल्या.

आजी सोबत आली होती; जिथे आकड्यांचा मामला तिथे ती हवीच. दोघं बाकावर बसली. दाराच्या काचेतून आतलं दिसत होतं. ठोकळेबाईंनी टेबलाखालून एक निळी पेटी काढली आणि तिचं झाकण उघडलं. आत तांबडे-पांढरे ठोकळे होते.

"आपले जास्त गुळगुळीत आहेत," बाप पुटपुटला.

बाईंनी पहिलं चित्र पुढे केलं. ते टेबलावर टेकायच्या आत गोगीनं ठोकळे लावले. दुसरं. तिसरं. बाईंनी हातातलं घड्याळ चालू करायचं दोनदा विसरल्यासारखं केलं. मग आकडे आले. आत काय चाललंय ते ऐकू येत नव्हतं, पण गोगीनं डोळे मिटले, मांडीवर बोटं आपटली, आणि बाहेर आजीचे ओठ हलले. शेवटी दोघी एकदमच काहीतरी म्हणाल्या. ठोकळेबाईंची भुवई वर गेली.

"'जोडते' म्हणाली वाटतं," बाप कपाळाला हात लावून म्हणाला.

"सवय लागली की जात नाही," आजी अभिमानानं म्हणाली.

शेवटी खुणांचा कागद. गोगी एकदाही वर न बघता लिहीत गेली. कागद संपला तरी वेळ उरला होता.

ठोकळेबाईंनी दोघांना आत बोलावलं. गोगी टेबलाशी बसून हाताची नखं खरवडत होती. ठोकळ्यांच्या रंगाचे तांबडे कपचे तिच्या नखांच्या कडांना अजून चिकटले होते.

"निकाल तोंडी सांगते. फार चांगला आहे. असा निकाल या शाळेत वरच्या ओळीतल्या मुलांचाही येत नाही," बाई म्हणाल्या.

"खरंच?" बापाचा आवाज चिरकला.

"माझ्यावर गेलीय," आजीनं जागा नोंदवून ठेवली.

दोन वर्षं ज्याला कोणी हाक मारली नव्हती त्या माणसाला या वाक्याची केवढी भूक असेल, याचा अंदाज बाईंना आला असावा. त्यांनी त्याला ते नीट खाऊ दिलं. मग पेन्सिल अंबाड्यातून काढली.

"माझं कामही सोपं झालं. मुलीला कसलीच अडचण नाही. ठोकळ्यांत नाही, आकड्यांत नाही, वेगात तर नाहीच नाही. तेव्हा मदत द्यायचा प्रश्न येत नाही. आता राहिलं एवढंच, की पेपर अर्धा का राहतो? अडचण नाही म्हटल्यावर एकच कारण उरतं: अभ्यास करत नाही, आळस करते. तसं लिहू ना?"

बाहेर मैदानावर शिट्टी वाजली.

चष्मेवाला मुलीकडे बघत होता. ती त्याच्याकडे बघत नव्हती; तिनं एक तांबडा कपचा नखानं सोडवून टेबलाच्या कडेवर ठेवला, मग दुसरा. बापाच्या एका हातात आयुष्यात पहिल्यांदा मिळालेला मोठा निकाल होता. दुसऱ्या हातात काय आहे ते त्याला तेवढ्यात दिसलं. त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला.

"मॅडम, तिला तक्ता पाठ आहे," तो म्हणाला.

"काय पाठ आहे?"

"म्हणजे हे सगळं. मीच करून घेतलं. ठोकळे मी बनवले. आकडे आईनं घेतले. तिचं यात काही नाही. हा नंबर... हा नंबर माझ्या भिंतीचा आहे."

"अरे, जमून आलेलं कशाला मोडतोस!" आजी कुजबुजली.

"आई, गप्प बस. दिसत नसेल तर 'दिसत नाही' म्हणायचं असतं."

गोगीनं मान वर केली. गेल्या दोन वर्षांत तिनं बापाकडे इतकं सरळ पाहिलं नसेल.

ठोकळेबाई हसायला लागल्या. आधी पेन्सिल तोंडावर धरून, मग उघडच.

"अहो, मला दुसऱ्याच चित्राला कळलं होतं. आणि 'जोडते' म्हणाल्यावर तर मी फोन उचलायचीच राहिले होते." त्यांनी निळी पेटी मिटली. "ही पेटी या शाळेत सगळ्यांना पाठ आहे. तुम्ही एकटेच नाही. कोणी क्लास लावला, कोणी मामाला आणून बसवलं. पहिल्या आठवड्यात मी फार चिडले. मग ठरवलं, ही पेटी पालकांसाठी ठेवायची."

"पालकांची चाचणी?"

"तसं म्हणा. निकाल चांगला आलाय हे ऐकल्यावर कोण काय करतं, ते बघते. बहुतेक जण आभार मानतात आणि पेढे... म्हणजे काहीतरी गोड घेऊन येतात."

"आणि खरं कितीजण सांगतात?"

"तुमचा पहिला नंबर," बाई म्हणाल्या.

चष्मेवाल्यानं आजूबाजूला पाहिलं. हे ऐकायला तिथे आजी, गोगी आणि हवा गेलेले चेंडू यांच्याशिवाय कोणी नव्हतं, ही त्या दिवसातली एकच नुकसानीची बाब.

"मग जे सांगत नाहीत त्यांच्या पोरांचं?" आजीनं विचारलं. हिशेबात तिला खाडाखोड चालत नसे.

"त्यांच्यासाठीही दुसरी पेटी काढतेच. पोरांनी काय केलंय?" बाई गोगीकडे वळल्या. "ती वेगळी आहे. तिची झेरॉक्स अजून निघालेली नाही. पुढच्या आठवड्यात ये, आणि येताना काहीही करून येऊ नकोस. जमेल?"

"काहीच नाही?" गोगीनं विचारलं.

"काहीच नाही."

"जमेल," गोगी म्हणाली, आणि त्या खोलीत पहिल्यांदा हसली.

तो आठवडा घरात फार जड गेला. गोगीला नव्हे, बापाला. जेवताना त्याचा हात खिशाकडे जाई आणि आई त्याच्याकडे बघे. आजीनं आपली विद्या वाया जाऊ नये म्हणून शेजारच्या लहान मुलांना नंबर पाठ करायला लावले. ठोकळ्यांची गोगीनं दुकानाच्या कपाटात एक बुटकी कमान केली आणि त्यावर चष्म्याची फ्रेम ठेवली. तीनजणांनी त्या फ्रेमची चौकशी केली.

दुसऱ्या पेटीचा निकाल ऐकायला आईही आली. बाईंनी यावेळी एक कागद पुढे ठेवला, त्यावर दोन रेघा होत्या. एक उंच, एक ठेंगणी.

"ही विचाराची. जिथे वेळेचं बंधन नाही तिथे मी अवघड, मग आणखी अवघड प्रश्न देत जाते, मूल अडलं की थांबते. ती अडली नाही. माझी वहीच संपली."

बापानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं त्याचा हात दाबून ठेवला, नाहीतर तो उठला असता.

"आणि ही वेगाची. बघून उतरवणं, भराभर खुणा करणं. इथे ती फार मागे आहे. एक केलं की तपासते, तपासलं की पुन्हा तपासते; मग जागा हरवते. दोन पाय असे लांब-आखूड असले की माणूस अडखळतो. लोकांना वाटतं, त्याला चालायचंच नाहीये."

"मग मी आळशी नाहीये?" गोगीनं विचारलं. तिनं ते फार हळू विचारलं.

"तू दमलेली आहेस. इतकी वर्षं दुप्पट काम करतेस," बाई म्हणाल्या.

आईनं मान फिरवून लटकत्या जाळ्याकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिली.

"औषध?" आजी म्हणाली.

"नाही."

"क्लास?" बाप म्हणाला.

"अजिबात नाही."

"एखादा छोटासा?"

"फळ्यावरचं उतरवायला लावायचं नाही, छापील द्यायचं. पेपरला जादा वेळ द्यायचा. एवढंच. आणि घरी तिला कोणी घड्याळ लावायचं नाही."

मुख्याध्यापक लगेच तयार झाले नाहीत. मग सगळेच वेळ मागतील, असं ते म्हणाले. मागू देत, ज्याला गरज नाही तो दिलेल्या वेळात कंटाळेल, असं ठोकळेबाई म्हणाल्या. भूमितीच्या बाई काही न बोलता शेजारी उभ्या राहिल्या, आणि त्या तिथून हलत नाहीत असं दिसल्यावर मुख्याध्यापकांनी सही केली.

वार्षिक परीक्षेचा पहिला पेपर भूमितीचाच होता. सुटायच्या वेळेला फाटकाबाहेर नेहमीची गर्दी जमली. घंटा झाली, मुलं बाहेर आली, आणि आईबापांनी पायरीवरच त्यांच्या हातातल्या प्रश्नपत्रिका ओढून घेतल्या. हळूहळू गर्दी विरळ झाली. चष्मेवाला झाडाखाली एकटाच उभा होता. येता-जाता लोक त्याच्याकडे बघत होते. त्या बघण्यातली सहानुभूती त्याला दोन वर्षांत चांगली ओळखता येऊ लागली होती.

"भाऊ, तुमची मुलगी?" पहिल्या नंबरची आई जवळ आली. "सगळे तर आले. बरं नाही का तिला?"

"बरी आहे की."

"मग?"

चष्मेवाल्यानं हे वाक्य सकाळपासून तोंडात घोळवलं होतं, पण म्हणायची वेळ आली तेव्हा ते सरावासारखं आलं नाही.

"ती अजून लिहितेय," तो म्हणाला.

पहिल्या नंबरच्या आईनं शाळेच्या वरच्या मजल्याकडे पाहिलं. तिचा मुलगा मागे कठड्यावर बसला होता. प्रश्नपत्रिका त्याच्या मांडीवर होती आणि तो शर्टाच्या बाहीचं बटण दातानं कुरतडत होता. दुसऱ्या बाहीला बटण नव्हतंच.

"भाऊ, ती झेरॉक्स आहे का हो अजून तुमच्याकडे?" ती जरा वेळानं म्हणाली.

"आहे ना. कुणाला द्यायचीय?"

"नाही, द्यायची नाही." तिनं आवाज खाली आणला. "आमच्याकडचे सगळे कागद काल फाडले. तुमच्याकडचेही फाडून टाका. सुट्टीत आमच्याला तिकडे न्यायचंय, त्या बाईंकडे. सहज आपलं. रात्रीचा झोपत नाही तो." तिनं मुलाच्या बाहीकडे पाहिलं. "त्याला काही पाठ नको व्हायला."

"त्यांच्याकडे दुसरी पेटी आहे, वहिनी," चष्मेवाला म्हणाला. "आणि खोलीत फार छान वाटतं. काही न करता जायचं."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

तिनं मान हलवली, मुलाजवळ गेली आणि त्याच्या मांडीवरची प्रश्नपत्रिका उचलून, न वाचताच, पर्समध्ये टाकली.

गोगी आली तेव्हा फाटकापाशी शिपाई आणि तिचा बाप एवढेच उरले होते. चालण्याची घाई नव्हती. बोटाला शाई होती, आणि चष्मा खिशात होता.

"झाला?" बापानं विचारलं. एवढंच विचारायचं, असं घरातून निघतानाच ठरलं होतं.

"झाला. वेळ उरला, बाबा."

"उरला?"

"हो. सगळं लिहून झालं, तपासून झालं, तरी उरला."

"मग काय केलंस?"

"काही नाही. बसले. खिडकीबाहेर बघितलं." ती वळली आणि ज्या झाडाखाली तो इतका वेळ उभा होता त्याच्या शेंड्याकडे तिनं बोट केलं. "हे वरून दिसतं. त्यात घरटं आहे. मी कधी बघितलंच नव्हतं."

बापानं मान वर केली. पानांच्या दाटीत त्याला काही दिसलं नाही. त्यानं चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा पाहिलं.

"दिसतंय?" गोगीनं विचारलं.

"दिसत नाही," तो आनंदानं म्हणाला. "दाखव."